हिरव्याखालचा तांबडा

"नीघ की आता! किती अंत बघशील?"

हे आर्नल्ड सग्डन इंजिनाला बोलत होता. मागच्या मोरीत दगडी कुंडीवर वर्तमानपत्र पसरून, बाह्या दुमडून, दातांच्या जुन्या ब्रशाने तो आपल्या पहिल्या किल्लीच्या आगगाडीची डावी कूस घासत होता. टर्पेंटाइनच्या वासाने डोळ्यांना धार लागली होती, पण दार उघडायची सोय नव्हती. बाहेर नोव्हेंबरचे धुके होते आणि आर्नल्डची छाती लहानपणापासून नाजूक.

शनिवारी खेळण्यातल्या आगगाड्यांच्या क्लबाचे प्रदर्शन होते. आमच्या थॉर्नली गावात दुसरे काही बघण्यासारखे नाही, पण चॅपलच्या हॉलमध्ये दरवर्षी भरणारे आगगाड्यांचे प्रदर्शन बघायला चार गावांची माणसे येतात. लोक येतात मोठमोठ्या मांडणीसाठी, बोगदे, पूल, दिवे लागणाऱ्या स्टेशनांसाठी. आणि मग दुपारी एका साध्या गोल रुळाभोवती कोंडाळे करून आर्नल्डची गोष्ट ऐकतात. एक हिरवे इंजिन, दोन तपकिरी डबे. गाडी फिरते, आर्नल्ड बोलतो. यंदा त्या हिरव्या रंगाचे पोपडे सुटायला लागले होते. जुना रंग काढायचा आणि हुबेहूब तसाच नवा द्यायचा, एवढाच त्याचा बेत होता.

हिरव्याखाली पत्रा लागेल अशी त्याची समजूत. लागला तांबडा रंग. चकचकीत, कारखान्यातला, कडेने बारीक सोनेरी रेघ असलेला.

"अरेच्चा," आर्नल्ड म्हणाला.

आधी त्याला आनंदच झाला, हे सांगायला हवे. असल्या गोष्टींचा त्याला भारी नाद. डबा जोडायच्या आकड्याचा नुसता बाक बघून गाडी कोणत्या सालची ते तो सांगायचा, आणि दुसऱ्याने चुकीचे साल सांगितले तर त्याला चारचौघांत दुरुस्त केल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. त्याने सबंध डावी कूस साफ केली. मग इंजिन उलटे धरून ड्रायव्हरच्या खोलीचे छत आतून पुसले. तिथे खिळ्याने ओरखडलेली तीन इंग्रजी अक्षरे होती. तिन्ही सरळ रेघांची, मुलांच्या हाताला सोपी.

आयव्ही.

आयव्ही ही त्याची थोरली बहीण. याच आळीत चार दारे सोडून राहणारी, जन्मभर जोड्यांच्या दुकानात लोकांच्या पायांत जोडे चढवणारी, लग्न न केलेली आयव्ही.

आर्नल्डने ब्रश खाली ठेवला. गोष्ट त्याला इतकी पाठ होती की ती आपोआप डोक्यात सुरू झाली. मी चार वर्षांचा. लढाई चाललेली. मला घटसर्प झालेला. तापाच्या इस्पितळात आईबाबा फक्त काचेआडून दिसायचे. नाताळच्या आदल्या दिवशी मला घरी आणलं, आणि सकाळी उठून बघतो तर शेगडीसमोर ही गाडी! बाबांनी मार्केट स्ट्रीटच्या दुकानातून खास माझ्यासाठी आणलेली, कोरी करकरीत. मग तो जरा थांबायचा आणि चहाच्या टेबलाकडे बोट दाखवायचा. "ती माझी बहीण आयव्ही, चहा देतेय ना, तीच. जेव्हा बघावं तेव्हा ही किल्लीवर टपलेली! पण मी दिली नाही हो. मी सांगायचो, पोरी किल्ली जास्त पिळतात, स्प्रिंग तोडतात!"

यावर हॉल हसायचा. आयव्ही हातातली मोठी किटली उंच करून दाखवायची, आणि हॉल पुन्हा हसायचा. हे दरवर्षी.

लढाईच्या त्या नाताळात दुकानात नवी गाडी कुठून आली असेल? खेळण्यांचे कारखाने तेव्हा बंदुकीच्या गोळ्या पाडत होते. ही गोष्ट आर्नल्डला ठाऊक नव्हती असे नाही. दुसऱ्या कुणी अशी थाप मारली असती तर त्याने त्याला सोलून काढला असता. स्वतःच्या गाडीसाठी मात्र त्याने एक उत्तर शोधून ठेवले होते. कारखान्याने लढाईच्या दिवसांत थोड्या गाड्या वेगळ्या हिरव्या रंगात काढल्या, ती खास खेप. कुठल्याही पुस्तकात नसलेली ही खेप आर्नल्ड इतक्या ठामपणे सांगायचा की क्लबातली माणसे नुसती माना डोलवायची.

तो इंजिन घेऊन पुढच्या खोलीत आला. भिंतीवर त्याला निवृत्तीच्या दिवशी मिळालेली भेट टांगलेली होती. भंगारात निघालेल्या जुन्या बसचा पत्रा, त्यावर त्याच्या मार्गाचा नंबर. तिकिटे फाडण्यापासून गाडी चालवण्यापर्यंत आर्नल्डचा उभा जन्म गावच्या बसवर गेला होता. त्याच बसच्या डेपोत त्याचे बाबा रंगारी होते. त्याने इंजिनाची उजवी, अजून हिरवी असलेली बाजू पत्र्यावर टेकवली. रंगात तसूभरही फरक नव्हता.

रोज त्या रंगाच्या गाडीत बसून, संध्याकाळी घरी येऊन, तोच रंग हातात धरून तो लोकांना खास खेप सांगत होता. त्याची कानशिले तापली. खोलीत कुणी नव्हते, तरी त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला.

*

आयव्ही प्रदर्शनासाठी आल्याचा केक करत होती. दरवर्षी हा केक आठवडाभर आधी करून डब्यात मुरवायचा असतो. तिची बोटे आता सांध्यांशी सुजून वाकडी झाली होती, म्हणून ती काकवी चमच्याने न घेता डबाच उलटा धरून ओतत होती.

"दार लाव, वारा येतोय," ती मागे न बघता म्हणाली. "आणि पाय पूस. कसला वास मारतोय तुला?"

"टर्पेंटाइनचा." आर्नल्डने खिशातला रुमाल सोडला आणि इंजिन तिच्या पिठाच्या टेबलावर ठेवले, तांबडी बाजू तिच्याकडे करून.

येताना त्याने मनात काहीबाही ठरवले होते. ती हरखेल, डोळे भरून येतील, मग आपण माफी मागू, असे काहीसे. आयव्हीने बघितले. काकवीचा डबा तिने सावकाश सरळ केला.

"हे काय करून ठेवलंस?"

"खाली तांबडा निघाला, आयव्ही. आणि तुझं नाव..."

"मला काय निघाला ते विचारत नाहीये. काढलास कशाला, ते सांग! बाबांचा रंग होता तो. असा खरवडून मोरीत सोडलास?"

"मला काय माहीत तो बाबांचा?"

"तुला काय माहीत असतं रे कधी?" ती म्हणाली. मग टेबलापाशी बसली, आणि वाकड्या बोटाने हिरवी बाजू आपल्याकडे फिरवून घेतली. "तीन थर दिले होते त्यांनी. कोळशाच्या खोलीत बसून. बाहेर ब्लॅकआउट, उजेड दिसला की पोलीस दार वाजवणार. मग खिडकीला गोधडी लावली आणि बॅटरी धरायला माणूस हवं, म्हणून मी."

"तू बॅटरी धरलीस?"

"मग कोण धरणार? आई तुझ्या इस्पितळाच्या काचेला नाक लावून उभी असायची."

आर्नल्ड खुर्चीत बसला. आपलीच गाडी आपल्यासमोर रंगवली जात असताना बॅटरी धरून उभी असलेली अकरा वर्षांची पोरगी त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि तिच्याकडे बघायची सोय उरली नाही. तो पिठाकडे बघत राहिला.

"तुझी होती ती."

"हट्ट करून मागितली होती. आजी म्हणाली, पोरीला कशाला आगगाडी, बाहुली द्या. बाबा म्हणाले, तिला हवी ती द्यायची. लढाई सुरू झाली त्या वर्षीचा नाताळ. तू तेव्हा रांगत होतास, जे दिसेल ते तोंडात घालायचास. म्हणून मी माळ्यावर नेऊन खेळायचे. मग तुझं ते दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, वाचला तर नशीब. आणि तू वाचलास. घरी येणार म्हटल्यावर बाबा गावभर हिंडले, दुकानात लाकडी बदकसुद्धा नव्हतं. मग माझ्यापुढे येऊन उभे राहिले. टोपी हातात धरून. साहेबापुढे उभे राहायचे ना, तसे."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आयव्ही, त्याला कळता कामा नये. त्याला वाटलं पाहिजे की ही त्याच्यासाठीच आली. म्हटलं, नाही कळणार. झालं."

"आणि मी तुला किल्लीला हातसुद्धा लावू दिला नाही."

"नाही दिलास," आयव्ही म्हणाली. तिने ते काही गोड करून सांगितले नाही. "फार हलकट होतास तू त्या बाबतीत."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मी दरवर्षी तिथं उभा राहून तुझी टिंगल करतो, आणि तू किटली वर करतेस!"

"मग काय किटली फेकून मारू? शब्द दिला होता मी. आणि तू तरी कधी विचारलंस? आयव्ही, तुला लहानपणी काय मिळालं होतं, असं एकदा तरी विचारलंस?"

नव्हते विचारले. आर्नल्डने पुष्कळ आठवून पाहिले. तिच्या जोड्यांच्या दुकानाबद्दल, तिच्या गुडघ्यांबद्दल, चिमणी साफ करायला कुणाला बोलवायचे याबद्दल दोघे जन्मभर बोलत आले होते. हे तेवढे राहून गेले होते.

"मी शनिवारी सगळं सांगतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. गाडी तुझी होती म्हणून."

"खबरदार!" आयव्ही उठलीच. "बाबांनी एका पोराचं खेळणं काढून दुसऱ्याला दिलं, हे चॅपलच्या हॉलमध्ये सांगणार? ते जाऊन इतकी वर्षं झाली, आता त्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडायची? तुला हलकं वाटावं म्हणून? एक अक्षर बोलायचं नाही. आणि त्या उजव्या बाजूला ब्रश लावायचा नाही. उरलाय तेवढा राहू दे त्यांचा."

"मग अर्धी हिरवी अर्धी तांबडी नेऊ?"

"ते तुझं तू बघ. गाड्यांतलं तुलाच कळतं ना सगळं?"

*

आर्नल्डने बघितले. त्यात त्याची अक्कल चालली, आणि त्या अकलेचीही त्याला लाज वाटली. रूळ गोल असले की गाडीची एकच कूस कायम बाहेर असते. दरवर्षी त्याची गाडी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायची आणि लोकांना डावी बाजू दिसायची. यंदा त्याने इंजिन उलट तोंडाने ठेवले. हिरवा बाहेर आला, तांबडा आत वळला. रुळाच्या मधोमध त्याने रिकामी खोकी रचली, त्यामुळे पलीकडूनही तो कुणाला दिसत नव्हता.

क्लबाचा सचिव डेझमंड पिकल्स रांगेतली टेबले तपासत आला. हा पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा, आणि अजूनही प्रत्येकाकडे गृहपाठ तपासल्यासारखे बघतो.

"उलटी का फिरवतोयस?" त्याने विचारले. मग वाकून इंजिनाची आतली बाजू बघितली आणि सरळ झाला. "अच्छा! काढलास एकदाचा. चला, बरं झालं."

"एकदाचा म्हणजे?"

"म्हणजे..." डेझमंडने इकडेतिकडे बघितले. "अरे, बसचा रंग तो. गावातलं पोरगंही ओळखेल."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, आर्नल्ड. लढाईच्या ऐन मध्यावर कोरी गाडी? आम्ही काय दूधखुळे आहोत? गाडी कुणाचीतरी जुनी असणार आणि तुझ्या वडलांनी डेपोतला रंग मारला असणार, एवढं तर उघडच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढा रंगून जाऊन सांगायचास," डेझमंड म्हणाला. "बरं नसतं दिसलं ते."

दुसऱ्यांच्या चुका काढत हिंडलेल्या माणसाला लोकांनी अशी इतकी वर्षे सांभाळून घेतले होते. आर्नल्डला वाटले, टेबलावरचा हिरवा कपडा उचलावा आणि त्याखाली शिरून बसावे. एरवी कुणाशी वाद घालायला तो हॉलच्या त्या टोकापर्यंत जायचा. आज तो आपल्या टेबलामागून हलला नाही. समोरून जाणारा प्रत्येक ओळखीचा माणूस त्याला 'कसं काय' म्हणत होता, आणि प्रत्येकाच्या मनात ते हिरवे इंजिन असणार असे वाटून तो मान खाली घालत होता. हॉलच्या कोपऱ्यात आयव्ही कप मांडत होती. फक्त तिची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. इंजिन जुने हे त्यांनी ओळखले होते. ते कुणाचे, हे विचारायचे त्यांनाही सुचले नव्हते.

दुपारी कोंडाळे जमले. मुले पुढे, म्हातारे मागे, हातांत चहाचे कप. आर्नल्डने किल्ली दिली, गाडी सोडली आणि सुरुवात केली. घटसर्प झाला, इस्पितळाची काच झाली, नाताळची सकाळ झाली. "बाबांनी ही माझ्यासाठी..." इथे त्याचा आवाज खाली गेला. "बाबांनी ही मला दिली," असे म्हणून त्याने गोष्ट संपवली आणि रुमालाने कपाळ पुसले.

लोक थांबले. काहीतरी राहिले होते.

"आणि किल्लीचं?" मागून एक म्हातारा ओरडला. "किल्लीचं सांग की! आम्ही त्याचसाठी येतो!"

"हो, किल्लीचं!" आणखी कुणीतरी म्हणाले.

आर्नल्डने तोंड उघडले. त्याला ते वाक्य झोपेतही म्हणता आले असते, पण आज त्याने तोंड मिटून पुन्हा कपाळ पुसले. गाडीचा वेग कमी होत होता. माणसे एकमेकांकडे बघायला लागली. डेझमंड खाकरला.

"पोरी किल्ली जास्त पिळतात!" कोपऱ्यातून आयव्हीचा खणखणीत आवाज आला. "स्प्रिंग तोडतात!" आणि तिने किटली उंच केली.

हॉल हसला. नेहमीपेक्षा जास्तच हसला, कारण आज ते तिच्या तोंडून आले होते. आर्नल्डच्या काळजात मात्र ते हसू सुरीसारखे गेले. आजही तिनेच त्याला वाचवले होते, आणि तेही त्याच वाक्याने.

गाडी थांबली. आर्नल्डने किल्ली उचलली, इंजिन रुळावरून काढले आणि कोंडाळ्यातून वाट काढत चहाच्या टेबलाकडे गेला. लोकांना वाटले हा गमतीचाच पुढचा भाग आहे. ते हसत बाजूला झाले.

"घे," तो म्हणाला.

"काय चाललंय तुझं?" आयव्ही हलक्या आवाजात म्हणाली. "सांगितलं होतं ना मी?"

"मी काही बोललोय का? नुसती किल्ली दे. एकदा."

आयव्हीने एप्रनला हात पुसले. सगळे बघत होते, तेव्हा नाही म्हणायचीही सोय नव्हती. तिने इंजिन डाव्या हातात घेतले, ओळखीच्या माणसाला घ्यावे तसे, न बघता. किल्ली भोकात बरोबर बसली. मग तिने पिळायला घेतली. अंगठा आणि बोट किल्लीवर दाबले गेले, पांढरे झाले. किल्ली फिरली नाही. तिने पकड बदलली. दुसऱ्यांदाही फिरली नाही. लोकांचे हसू हळूहळू विरले.

"तूच दे," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत. माझा चहा निवतोय."

"आयव्ही, मी..."

"दे म्हटलं ना."

आर्नल्ड टेबलापाशी परत आला. त्याने किल्ली दिली, शेवटपर्यंत. मग त्याने इंजिन फिरवून डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडले आणि सोडले. गाडी पूर्वीसारखी, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे निघाली. हिरवा आत गेला आणि तांबडा बाहेर आला, सोनेरी रेघेसकट. हॉलमध्ये जरा कुजबुज झाली. डेझमंडने चष्मा वर केला.

"ही तर तांबडी आहे!" पुढे उभी असलेली एक मुलगी म्हणाली.

"हो," आर्नल्ड म्हणाला. "आधी तांबडीच होती."

याहून जास्त तो काही बोलला नाही. आयव्हीने बजावले होते. तांबडी बाजू प्रत्येक फेरीला हॉलच्या कोपऱ्यासमोरून जात होती, आणि कोपऱ्यात आयव्ही त्याच्याकडे पाठ करून नळाखाली कप विसळत होती. ती वळेल असे आर्नल्डला वाटत राहिले. ती वळली नाही. फक्त तिचे हात पाण्यात तसेच राहिले होते, आणि तिच्यासमोर उष्ट्या कपांची रांग वाढत चालली होती.

लोक पुढच्या टेबलाकडे सरकले. तिकडे बोगद्यात दिवे लागले होते. मुलगी तेवढी उभी राहिली. गाडीची घरघर मंदावली, अडखळली, बंद पडली.

"थांबली," आयव्ही मागे न बघता म्हणाली.

आर्नल्डने किल्ली उचलली. लावता लावता त्याचा हात थांबला. त्याने समोरच्या मुलीला विचारले, "तू देतेस?"

मुलीने किल्ली घेतली आणि पिळायला लागली. आर्नल्डने तिला जपून म्हटले नाही, पुरे म्हटले नाही. तो दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला आणि स्प्रिंगची करकर ऐकत राहिला. कोपऱ्यात, मागे न वळता, आयव्हीने नळ बंद केला.